जमशेटजी टाटा, लोणावळ्याचं पाणी आणि तुमचा फास्ट चार्जर : व्होल्ट, अँपिअर आणि वॅटचा हिशोब

तुमच्या मोबाईलच्या चार्जरवर बारीक अक्षरात काही आकडे छापलेले असतात. ५ व्होल्ट २ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर वगैरे. बहुतेक जण ते कधी वाचत नाहीत. पण याच आकड्यांच्या गुणाकारावर शंभर वर्षांपूर्वी एक फार मोठा प्रकल्प उभा राहिला, तोही आपल्या लोणावळ्यात. त्यामागे ज्यांची दृष्टी होती ते जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांना आपण ताज हॉटेल आणि पोलाद कारखान्यामुळे ओळखतो. आज त्यांचं आयुष्य विजेच्या बाजूने पाहू, आणि पाहता पाहता व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर कशी काढायची तेही शिकून घेऊ.

नवसारी ते मुंबई

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारी इथे झाला. घराणं पारशी पुरोहितांचं. पण वडील नसरवानजी यांनी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार सुरू केला होता. मुलगाही मुंबईत आला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८५८ मध्ये शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत रुजू झाला. पुढच्याच वर्षी व्यापारासाठी त्यांना हाँगकाँगला जावं लागलं.

त्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि एका रात्रीत श्रीमंत झालेले तितक्याच वेगाने बुडाले. टाटांच्या पेढीलाही जबरदस्त फटका बसला. जमशेटजी तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ज्यांचं देणं होतं त्यांच्यासमोर हिशोब मांडायची वेळ पंचविशीतल्या या तरुणावर आली. ते तोंड लपवून बसले नाहीत.

१८६८ मध्ये त्यांनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. नंतर चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिथे कापडाची गिरणी चालवली आणि नफ्यात विकली. आता खरा डाव मांडायचा होता. सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना जमशेटजी गेले नागपूरला. कापूस तिथेच पिकतो, रेल्वे पोचलेली आहे, मग कच्चा माल लांबवर कशाला न्यायचा, असा सरळ विचार. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. नवी यंत्रं आणून वापरून पाहायची त्यांना आवड होती. सूतकताईचे रिंग स्पिंडल भारतात पुष्कळांना माहीतही नव्हते, तेव्हा त्यांनी ते एम्प्रेस मिलमध्ये बसवले.

गिरणी चालते कशावर?

इथे थोडं थांबू. त्या काळची गिरणी वाफेवर चालायची. कोळसा जाळायचा, बॉयलरमध्ये वाफ करायची, त्या वाफेने एक मोठं इंजिन फिरवायचं आणि त्याच्या जोरावर लांबलचक दांडे आणि पट्टे फिरवून शेकडो यंत्रं चालवायची. मुंबईत कोळशाची खाण नाही. बंगालचा कोळसा रेल्वेने किंवा बोटीने आणावा लागे. तो महाग पडे, आणि त्याचा धूर गिरणगावातल्या चाळींवर पसरे तो वेगळाच.

म्हणजे मुंबईची अडचण नागपूरच्या उलट होती. नागपुरात कच्चा माल दारात होता. मुंबईत कामगार होते, बंदर होतं, बाजार होता, पण शक्ती दारात नव्हती. आणि मुंबईपासून शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत सह्याद्रीवर दरवर्षी पाण्याचा प्रचंड साठा आभाळातून पडत होता आणि वाहून जात होता.

भुशीचं पाणी आणि खंडाळ्याचा कडा

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे पाणी वापरण्याची सुरुवात टाटांनी केली नाही. भुशी धरण त्याआधीचं आहे. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंद्रायणीवर हे धरण बांधलं. आज आपण पावसाळ्यात ज्या पायऱ्यांवर बसून भिजतो, त्यांचा मूळ हेतू इंजिनांची तहान भागवणं हा होता.

आता या भुशीच्या पायऱ्या डोळ्यासमोर ठेवा. विजेचं अख्खं गणित इथे समजतं.

पायऱ्यांवरून पाणी भरपूर वाहतं, पण फार उंचावरून पडत नाही. म्हणून तुम्ही त्यात मजेत बसू शकता. आता खंडाळ्याच्या कड्याकडे या. तिथून खाली कोकणात खोपोलीपर्यंत पाणी सोडलं, तर ते ५०० मीटरपेक्षा जास्त खाली येतं. पाणी थोडंसं असलं तरी तळाशी त्याचा जोर भयंकर असतो.

- पाणी किती उंचावरून पडतं, ते म्हणजे व्होल्टेज. मोजायचं व्होल्टमध्ये.
- दर सेकंदाला किती पाणी वाहतं, ते म्हणजे करंट. मोजायचा अँपिअरमध्ये.
- पाइप किती अरुंद आणि लांब आहे, म्हणजे अडथळा किती, तो रेझिस्टन्स. मोजायचा ओहममध्ये.
- या पाण्याकडून दर सेकंदाला किती काम होईल, ती पॉवर. मोजायची वॅटमध्ये.

पाण्याची पॉवर काढताना उंची आणि प्रवाह यांचा गुणाकार करतात. विजेत व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार करतात. दोन्हीकडे विचार एकच. एक आकडा लहान असेल तर दुसरा मोठा करून तेवढीच पॉवर मिळवता येते.

आकड्यांत बघा. १,००० लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं, तर त्यातून जास्तीत जास्त १.३६ युनिट वीज मिळू शकते. तेच पाणी फक्त ५ मीटर खाली आलं तर त्याच्या शंभरावा भाग. आजच्या खोपोली केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट आहे. ५०० मीटर उंची आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली, तर एवढ्या विजेला सेकंदाला साधारण १७ हजार लिटर पाणी लागेल. उंची ५ मीटरच असती तर सेकंदाला १७ लाख लिटर लागलं असतं. म्हणजे महापूर! लोणावळ्याचा कडा का महत्त्वाचा, ते आता लक्षात आलं असेल.

कल्पना कोणाची, ध्यास कोणाचा

घाटातल्या पाण्यापासून वीज करून ती मुंबईला न्यावी, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडली. ती जमशेटजींपर्यंत पोचली आणि त्यांनी ती उचलून धरली. वय साठीला टेकलेलं, हातात आधीच दोन अफाट कामं, पोलादाचा कारखाना आणि विज्ञान संशोधनाची संस्था. त्यात हे तिसरं.

वीज त्यांना नवीन नव्हती. त्यांचं ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं, तेव्हा ते विजेच्या दिव्यांनी उजळलं होतं. मुंबईत वीज वापरणाऱ्या सुरुवातीच्या इमारतींमध्ये त्याची गणना होते. पण एका इमारतीत दिवे लावणं वेगळं आणि अख्ख्या शहराच्या गिरण्या डोंगरापलीकडच्या विजेवर चालवणं वेगळं.

जगात तेव्हा हे नुकतंच शक्य होऊ लागलं होतं. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवली गेली. १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोचली. आणि १९०२ मध्ये आपल्याकडे म्हैसूर संस्थानात कावेरीवरच्या शिवनसमुद्रम इथली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत, सुमारे दीडशे किलोमीटरवर गेली. म्हणजे जमशेटजींचं स्वप्न हवेतलं नव्हतं. त्यामागे एक ठोस गणित होतं. ते आता करून पाहू.

आधी घरातलं गणित

जर्मनीतले शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये आपल्या पुस्तकात एक साधा संबंध मांडला. आज तो शाळेत ओहमचा नियम म्हणून शिकवतात.

व्होल्ट = अँपिअर × ओहम

यावरून रेझिस्टन्स काढायचा असेल तर :

ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर

आणि पॉवर काढायची असेल तर :

वॅट = व्होल्ट × अँपिअर

घरातली इस्त्री घ्या. तिच्यावर १,००० वॅट लिहिलंय आणि घरात येते २३० व्होल्ट. करंट किती? १,००० ÷ २३० म्हणजे साधारण ४.३५ अँपिअर. इस्त्रीतल्या तारेचा रेझिस्टन्स किती? २३० ÷ ४.३५ म्हणजे साधारण ५३ ओहम. झालं. दोन आकडे माहीत असले की बाकीचे दोन मिळतात.

आता तिसरं सूत्र, आणि आपल्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं. पॉवरच्या सूत्रात व्होल्टच्या जागी अँपिअर × ओहम घातलं की मिळतं :

तारेत वाया जाणारे वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम

अँपिअर इथे दोनदा आला. म्हणजे करंट दुप्पट झाला तर तारेत वाया जाणारी वीज चौपट होते. करंट दहापट झाला तर शंभरपट. ही वाया गेलेली वीज कुठे जाते? तार तापवण्यात.

लोणावळा ते मुंबई : एकाच तारेवर दोन प्रयोग

समजा आपल्याला खोपोलीहून मुंबईला १ कोटी वॅट, म्हणजे १० मेगावॅट पाठवायचे आहेत. जाण्या-येण्याच्या तारेचा मिळून रेझिस्टन्स २० ओहम धरू. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्यक्षात थ्री-फेज लाइन असते, तिचा हिशोब थोडा वेगळा होतो, पण तत्त्व हेच.

पहिला प्रयोग : व्होल्टेज १०,०००. करंट = १ कोटी ÷ १०,००० = १,००० अँपिअर. तारेत वाया जाणारी पॉवर = १,००० × १,००० × २० = २ कोटी वॅट. पाठवायचे एक कोटी, वाया जाणार दोन कोटी? असं होऊच शकत नाही. याचा अर्थ एवढाच की या व्होल्टेजला ही तार एवढी वीज नेऊच शकत नाही.

दुसरा प्रयोग : व्होल्टेज १ लाख. करंट = १ कोटी ÷ १ लाख = १०० अँपिअर. वाया = १०० × १०० × २० = २ लाख वॅट. म्हणजे फक्त २ टक्के. उरलेली ९८ टक्के वीज मुंबईत.

तार तीच. वीज तेवढीच. फक्त व्होल्टेज दहापट केलं आणि अशक्य गोष्ट शक्य झाली.

इथे बरेच विद्यार्थी एक चूक करतात. पॉवर काढायला व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम असंही एक सूत्र आहे, ते घेऊन त्यात १ लाख व्होल्ट टाकतात आणि मग व्होल्टेज वाढवलं की नुकसान वाढतं असं उत्तर येतं. चूक कुठे होते? तारेच्या दोन टोकांमध्ये १ लाख व्होल्टचा फरक नसतो. तारेत जो फरक पडतो तो १०० × २० = २,००० व्होल्टचा. बाकीचे ९८,००० व्होल्ट पलीकडे पोचतात. त्या सूत्रात टाकायचे ते हे २,०००. करून बघा, उत्तर पुन्हा २ लाख वॅटच येईल.

मग व्होल्टेज हवं तसं वाढवता कसं येतं? त्यासाठी ट्रान्सफॉर्मर. तो १८८०च्या दशकात नीट वापरण्याजोगा झाला. खोपोलीत वाढवायचं, मुंबईत पुन्हा उतरवायचं. हे यंत्र आलं नसतं तर घाटातली वीज घाटातच राहिली असती.

जमशेटजी गेले, तारा नंतर आल्या

दुर्दैवाने हे काहीच पाहायला जमशेटजी राहिले नाहीत. प्रकृती ढासळली म्हणून ते युरोपात गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. इंग्लंडमधल्या ब्रुकवुडच्या पारशी दफनभूमीत त्यांची समाधी आहे. पोलादाचा कारखाना, बंगळुरूची विज्ञान संस्था आणि घाटातली वीज, तीनही कामं त्यांच्या डोळ्यांसमोर कागदावरच राहिली.

ती पुढे नेली मुलांनी, दोराबजी आणि रतनजी यांनी, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. भांडवल भारतातूनच उभं राहिलं, त्यात संस्थानिकही होते. १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तलाव बांधले. कारण पाऊस चार महिने आणि गिरणी बारा महिने, तेव्हा पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तलावांतलं पाणी कालव्यांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणि तिथून जाड लोखंडी पाइपांतून खाली खोपोलीला. तिथे पेल्टन जातीची टर्बाइन, म्हणजे कडेला वाट्या बसवलेलं चाक. पाण्याची बारीक पण जबरदस्त धार वाट्यांवर आदळते आणि चाक फिरतं. काम झालेलं पाणी पाताळगंगा नदीत जातं.

१९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. अंतर सुमारे ७० किलोमीटर आणि व्होल्टेज सुमारे १ लाख. वर आपण केलेला दुसरा प्रयोग आठवला ना? जमशेटजींना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

पुढे घाटातली रेल्वेही वाफेवरून विजेवर आली. ज्या इंजिनांसाठी भुशी धरण बांधलं, त्यांची जागा विजेच्या इंजिनांनी घेतली. सुरुवातीला मुंबई-पुणे मार्गावर १,५०० व्होल्ट डीसी होते, आज २५,००० व्होल्ट एसी आहेत. कारण पुन्हा तेच : व्होल्टेज जास्त, करंट कमी, तारेतली नासाडी कमी.

सूत्रात न येणारी किंमत

या गोष्टीची दुसरी बाजू मावळात राहणाऱ्याला सांगायला नको. तलाव बांधायचा तर दरी पाण्याखाली जाते, आणि दरीत शेतं असतात, घरं असतात, देवळं असतात. टाटांच्या पुढच्या मुळशी धरणाच्या वेळी हा प्रश्न पेटला. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले. तिथूनच ते सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण शेवटी झालंच. त्याच्या पाण्यावर चालणारं भिरा केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं आणि मावळ्यांच्या जमिनी गेल्या.

हे जमशेटजींच्या निधनानंतरचं आहे, त्यामुळे त्यांनी यात काय केलं असतं याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण गणित शिकताना एवढं लक्षात ठेवावं. वॅट = व्होल्ट × अँपिअर हे सूत्र वीज किती मिळेल ते बिनचूक सांगतं. ती वीज कोणाला मिळेल आणि जमीन कोणाची जाईल, हे त्यात नसतं. ते माणसांनाच ठरवावं लागतं.

आता तुमचा चार्जर काढा

फास्ट चार्जिंगमागे हेच लोणावळ्याचं गणित आहे. समजा फोनला १८ वॅट द्यायचे आहेत आणि तुमच्या केबलचा रेझिस्टन्स ०.२ ओहम आहे.

- ५ व्होल्टने द्यायचे तर करंट ३.६ अँपिअर. केबलमध्ये वाया ३.६ × ३.६ × ०.२ = साधारण २.६ वॅट.
- ९ व्होल्टने द्यायचे तर करंट २ अँपिअर. केबलमध्ये वाया २ × २ × ०.२ = ०.८ वॅट.

म्हणून बरेच फास्ट चार्जर व्होल्टेज वाढवतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरीमध्ये ५, ९, १५ आणि २० व्होल्ट असे टप्पे असतात. चार्जर आणि फोन आधी आपसात ठरवतात की कोणता टप्पा वापरायचा, मग फोनच्या आतलं सर्किट ते व्होल्टेज बॅटरीला झेपेल एवढं खाली आणतं. खोपोलीत वाढवा, मुंबईत उतरवा, तोच प्रकार.

आणि यावरून एक कामाची गोष्ट. साध्या टाइप-सी केबलला ३ अँपिअरपर्यंतच करंट झेपतो. ५ अँपिअरसाठी आत चिप असलेली केबल लागते. त्यामुळे १०० वॅटचा चार्जर (२० व्होल्ट × ५ अँपिअर) आणि साधी केबल लावली, तर मिळणार जास्तीत जास्त २० × ३ = ६० वॅट. चार्जर महागाचा आणि फोन किंवा लॅपटॉप मात्र हळू चार्ज होतोय, तर आधी केबल बघा. स्वस्त, लांब आणि बारीक केबल हातात गरम लागत असेल तर तिचा रेझिस्टन्स जास्त आहे, आणि तुमची वीज फोनऐवजी केबल तापवतेय.

पुढच्या वेळी पुणे-मुंबई प्रवासात खोपोलीजवळ डोंगरावरून उतरणारे ते जाड पाइप दिसले, तर सोबतच्यांना दाखवा. आणि चार्जरवरचे आकडे वाचून आपला चार्जर किती वॅटचा आहे ते काढा. गुणाकार एकच करायचा आहे.